मागच्या सीटवर कोण बसतं?

सकाळी सव्वानऊला आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभे राहून बघा. चार-पाच बुलेट, दोन-तीन पल्सर, कुणाच्या तरी काकांची जीव लावून सांभाळलेली आरएक्स हंड्रेड. यातली एकही गाडी कारखान्यातून आली तशी राहिलेली नाही. सायलेन्सर बदललेला, हँडल बदललेलं, मडगार्ड कापलेलं, साडी गार्ड तर कधीच काढून माळ्यावर टाकलेलं. मी वरून टीका करतोय असं समजू नका. गेल्या डिसेंबरपर्यंत त्या रांगेत सगळ्यात मोठा आवाज माझ्याच गाडीचा होता.

वाङ्मय मंडळाच्या अंकात मोटारसायकल कशाला, असं संपादक मैत्रिणीनं विचारलंच. म्हटलं, काव्यशास्त्राच्या तासाला अलंकार शिकतो ना, तोच विषय आहे, फक्त ऑइलनं बरबटलेला. ती हसली आणि म्हणाली, लिही, पण सायलेन्सरसारखं लिहू नकोस.

तर गाडी पप्पांची. 2013ची बुलेट, 346 सीसी, एकच सिलिंडर. आली तेव्हा मी शाळेत होतो. रविवारी मिस्साला आम्ही तिघं तिच्यावरून जायचो. मी पुढे टाकीवर, मध्ये पप्पा, मागे आई आडवी बसलेली. दोन्ही पाय साडी गार्डच्या फूटरेस्टवर, उजवा हात पप्पांच्या खांद्यावर, डावा मागच्या दांडीला. तीन माणसं एका गाडीवर हे चुकीचंच होतं, पण त्या वयात मला तो राजरथ वाटायचा. पुढे पप्पांचे गुडघे दुखायला लागले, त्यांनी स्कूटर घेतली आणि मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना बुलेटची किल्ली माझ्या हातात आली.

ट्यूशनचे पैसे साठवून मी जे केलं ते सांगतो. कारखान्याचा सायलेन्सर काढून छोटा मोकळा सायलेन्सर बसवला. एअर फिल्टरचा डबा काढून तिथं उघडा कोन फिल्टर लावला. हँडल बसकं आणि सरळ केलं. पुढे जाड लेगगार्ड, त्यावर दोन मोठे दिवे आणि मध्ये नाव लिहिलेली काळी पट्टी. लांब सीट काढून पातळ सीट घातली, मागची दांडी आणि साडी गार्ड काढलं. सगळे मिळून अकरा हजार गेले. गाडी देखणी झाली, हे आजही नाकारत नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आई म्हणाली, "तू हो पुढं, मी रिक्षानं येतो." (आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात, शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं.) मला वाटलं, तिला शेजारच्या मावशींबरोबर यायचं असेल. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. तीन महिने आई रिक्षाला पैसे देत होती आणि मी चर्चबाहेर गाडी स्टँडला लावून मित्रांना एक्झॉस्टचा आवाज ऐकवत होतो. मला त्यात काही दिसलंच नाही.

दिसलं ते चोर्ला घाटात, आणि तेही आधी इंजिनाच्या बाबतीत.

3 डिसेंबरला जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. आपल्या भागातले कितीतरी भाविक तिथं चालत जातात. मी आणि माझा एक मित्र गाडीवरून गेलो. जाताना जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून केरी, सगळं मजेत. उतारावर इंजिनाला काम नसतं. परत येताना केरी सोडलं की चढ. पुढं दोन ट्रक, मागं मित्र आणि त्याची बॅग. दुसऱ्या गिअरवर गाडी रखडत चाललेली. जरा वेळानं इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, कुठला तरी नट सैल झालाय. मग गाडीनं जोर सोडला. ॲक्सिलरेटर पिळतोय आणि वेग कमीच होतोय. एका वळणावर ती आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी जड झाली आणि बंद पडली. किक मारायला गेलो तर किक खाली जाईना. इंजिन जाम. पाऊण तास आम्ही कठड्यावर बसून राहिलो. थंड झाल्यावर किक हलली, गाडी सुरू झाली, पण तो आवाज वेगळाच होता. बेळगावपर्यंत चाळीसच्या वर नेली नाही.

मिस्त्रीमामांनी सिलिंडर उघडला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. स्पार्क प्लग काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. टोक खडूसारखं पांढरं. "हे कॉफीच्या रंगाचं पायजे," मामा म्हणाले. "काळं आलं तर पेट्रोल जास्त पडायलंय. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तू हवा वाढवलास, पेट्रोल कोण वाढवणार गा?"

या एका वाक्यात माझ्या अकरा हजारांचा हिशोब होता. थोडं समजावून सांगतो, कारण मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पेट्रोलमधली जी ऊर्जा आपण जाळतो, तिचा साधारण चौथा हिस्सा चाक फिरवायला मिळतो. बाकीची बहुतेक सगळी उष्णता होऊन जाते. थोडी धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते, उरलेली इंजिनाच्या अंगातून निघावी लागते. आपल्या बुलेटीला रेडिएटर नाही. सिलिंडरभोवती त्या ज्या आडव्या पात्यांच्या चकत्या दिसतात, म्हणजे फिन्स, त्यांच्यावरून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. आतमध्ये ऑइल तेच काम करतं. ते नुसतं वंगण नाही, पिस्टन आणि हेडची उष्णता उचलून खाली आणणारा हमाल आहे तो. म्हणजे अशा इंजिनाला थंड राहायला तीन गोष्टी लागतात: अंगावर वारा, पोटात पुरेसं चांगलं ऑइल आणि हवा-पेट्रोलचं बरोबर प्रमाण. मी तिन्हींची वाट लावली होती.

मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं. कार्ब्युरेटरचा जेट मात्र जुनाच, म्हणून पेट्रोल पूर्वीइतकंच. हे मिश्रण जास्त गरम जळतं आणि डब्यातले खडे वाजायला लागतात. तो नॉकिंगचा आवाज होता. पुढचा लेगगार्ड, दिवे आणि ती नाव लिहिलेली पट्टी बरोबर फिन्सच्या समोर. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरच मी स्वतःच्या नावाची पाटी लावली होती! पावसाळ्यातला जांबोटी रस्त्याचा चिखल फिन्सच्या फटींत वाळून बसलेला, तो मी कधी ब्रशनं काढला नव्हता, कारण तो बाहेरून दिसत नव्हता. आणि ऑइल? इंजिनाच्या उजव्या बाजूला पातळी दाखवणारी काचेची खिडकी असते. गाडी मधल्या स्टँडवर लावून तिच्यात डोकावायला दहा सेकंद लागतात. मी त्या खिडकीत शेवटचं कधी बघितलं होतं, ते मला आठवत नव्हतं.

बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालायला सात हजारांवर खर्च आला. त्यात पप्पांनी घातलेले पैसे मी धरलेले नाहीत, तेही धरू नकोस म्हणाले.

आता माझं मत. इंजिन थंड ठेवायला जे खरोखर उपयोगी पडतं ते जवळजवळ सगळं न दिसणारं आणि स्वस्त आहे, आणि जे दिसतं ते बहुतेक वेळा उलटं काम करतं. फिन्स साफ ठेवणं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलणं, फिन्ससमोरची अडगळ काढणं. सायलेन्सर बदलायचाच असेल तर त्याच दिवशी जेट बदलून प्लगचा रंग बघणं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलो की इंजिन बंद करणं, कारण उभ्या गाडीला वारा नसतो आणि रॉकेल ओतल्यासारखी उष्णता साचत राहते. यात फोटो काढण्यासारखं एकही काम नाही. म्हणूनच ते कुणी करत नाही.

ऑइल कूलरबद्दल मित्र हमखास विचारतात. छोटा रेडिएटर, त्यातून ऑइल फिरतं आणि वाऱ्यानं थंड होतं. कल्पना चांगली आहे; पल्सर 220 आणि जुन्या 411 सीसीच्या हिमालयनला तो कारखान्यातूनच यायचा. ज्याला सामान लादून रोज घाट चढायचा आहे, त्यानं जरूर विचार करावा. पण घर ते कॉलेज चार किलोमीटरसाठी तो लावला तर ऑइल नीट तापतच नाही, त्यात साचलेली पाण्याची वाफ उडत नाही, आणि पाइपचे दोन नवे जोड म्हणजे गळतीच्या दोन नव्या जागा. एक्झॉस्ट पाइपला पट्टी गुंडाळायची जी फॅशन आहे, तिनं पाय भाजत नाही हे खरं, पण इंजिन थंड होत नाही. उष्णता पाइपातच राहते, पट्टीत पावसाचं पाणी मुरतं आणि आतून गंज धरतो. बेळगावच्या पावसात तर विचारूच नका.

मामांच्या गॅरेजमध्ये हे सगळं ऐकत बसलो असताना आई जेवणाचा डबा घेऊन आली. इंजिन उघडं पडलेलं, माझी पातळ सीट भिंतीला टेकवलेली. आईनं ती उचलली, हातावर तोलून बघितली आणि मामांना विचारलं, "ह्याच्यावर बाईमाणूस बसायचं कुठं?" मामा म्हणाले, "वहिनी, ही एकट्याचीच हाय." आई "होय की" एवढंच म्हणाली. तेव्हा मला रिक्षा आठवली. सगळे रविवार एकदम आठवले.

खरं सांगायचं तर मिस्त्रींनी पिस्टन दाखवल्यावर मला जेवढी लाज वाटली नाही, तेवढी त्या 'होय की'नं वाटली. दांडी नाही, तर तिनं धरायचं काय? फूटरेस्ट नाही, तर पाय कुठं? साडी गार्ड नाही, तर पदर चाकाच्या तारांपासून चार बोटांवर. ती काही बोलली नाही, कारण गाडी आता मुलाची आणि मुलानं हौसेनं केलीय. आपल्या घरांत हे असंच होतं. पुढं बसणारा ठरवतो, मागं बसणारा पैसे देऊन रिक्षानं जातो.

साडी गार्ड हा कंपनीचा जुनाट हट्ट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या नियम 123मध्ये ते लिहून ठेवलंय. मागं माणूस बसणार असेल तर धरायला पक्की दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण हवं, बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. मला हा नियम वाचून आश्चर्य वाटलं. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या रुबाबाचा विचार सगळेच करतात. मागं आडव्या बसलेल्या बाईच्या साडीचा विचार कुठल्या तरी सरकारी कागदानं केला होता. आणि आम्ही पहिल्यांदा पाना लावतो तो त्याच बोल्टला.

आराम या शब्दाचाही आपण असाच गोंधळ केलाय. मऊ सीट म्हणजे आरामाची सीट, असं मला वाटायचं. मऊ स्पंज पंधरा मिनिटं बरा वाटतो, मग दबून सपाट होतो आणि माणूस खालच्या पत्र्यावरच बसतो. घट्ट फोम, मागं जरा रुंद, बसायची हाडं टेकतील अशी सीट लांबच्या प्रवासाला बरी. खडे बाजारात मला हे एका सीटवाल्या चाचांनी अंगठ्यानं फोम दाबून शिकवलं. बसक्या हँडलचंही तसंच. रेसच्या वेगात समोरून येणारा वारा छातीला उचलून धरतो म्हणून तिथं मनगटांवर भार येत नाही. आपण कॅम्पातून तीसच्या वेगानं जातो; तिथं वारा कुठला, सगळं ओझं मनगटं आणि मानेवर. सीट, हँडल आणि फूटरेस्ट यांचा एक त्रिकोण असतो, आणि तो तुमच्या हातापायांच्या लांबीला जमला पाहिजे. मी पप्पांपेक्षा चांगला अर्धा फूट उंच आहे. मला हँडल बदलणं गरजेचं होतंच, फक्त मी ते खाली नेलं, हवं होतं ते वर आणि जरा मागं.

मागच्या शॉकॲब्जॉर्बरला खाचांची एक रिंग असते. मागं माणूस बसणार असेल तर ती एक-दोन खाचा फिरवायची, टायरमधली हवाही मॅन्युअल सांगतं त्याप्रमाणे बदलायची. एकट्यासाठी वेगळा आकडा असतो, दोघांसाठी वेगळा. याला पैसे लागत नाहीत. मी मित्रांना विचारलं, त्यातल्या एकालाही ती रिंग फिरते हे माहीत नव्हतं. त्यातल्या दोघांनी जाड टायरवर मात्र पाच-पाच हजार घातलेत.

एक मित्र माझ्यावर चिडलाय. तो म्हणतो, "मग काय कारखान्यातून आली तशीच चालवायची? गाडी ही आमची कविता आहे." मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. कारखाना सरासरी माणसासाठी गाडी बनवतो आणि सरासरी माणूस कुठं राहतो कुणाला माहीत. तेव्हा बदल करावेतच. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, तेवढं बघून करावेत. पण कवितेतसुद्धा अलंकार अर्थाच्या तोंडावर आडवा आला तर सर वहीवर लाल रेघ मारतात. गाडीत ती रेघ पिस्टनवर उठते.

आणि आवाज. ऑक्टोबर महिनाभर आमच्या गल्लीत संध्याकाळी घराघरांत रोजरी चालते. माझी गाडी गल्लीत शिरली की सगळी प्रार्थना मध्येच थांबायची आणि मी गेलो की पुढे सुरू व्हायची. हे मला समोरच्या आजींनी सायलेन्सर काढल्यानंतर सांगितलं, आधी नाही. म्हणाल्या, "तुझ्यासाठीपण एक म्हणायचो बाबा, घरी नीट पोचू दे म्हणून."

आता गाडीवर जुना सायलेन्सर आहे, फिल्टरचा डबा आहे, फिन्ससमोर काही नाही. हँडल दोन इंच वर. चाचांनी लांब सीट नव्या फोमची करून दिली, चौदाशे रुपयांत. दांडी आणि साडी गार्ड माळ्यावरून काढून घासून परत लावलं. मोकळा सायलेन्सर एकानं निम्म्या किमतीला मागितला होता. दिला नाही. तो अजून माळ्यावर आहे.

मामांकडून गाडी आली त्या रविवारी मी आईला विचारलं नाही, नुसती गाडी दाराशी लावून उभा राहिलो. तिनं चपला घातल्या, सीटवर हात फिरवला, बसली. डावा हात दांडीला, उजवा माझ्या खांद्यावर. चर्चपर्यंत काही बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, फूटरेस्ट दोन बोटं वर हवा, पाय लोंबतात. मामांना सांगितलंय, ते म्हणतात गुरुवारी ये.